गाडी सेल्फ घेत नाही

‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात निदान दोन तरी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिलीत किल्ली फिरवली की इंजिन घर्र घर्र करत फिरतं, पण पेट घेत नाही. दुसरीत इंजिन फिरतच नाही. एखादं ‘टक्’ ऐकू येतं, कधी तेही नाही. पहिल्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इंधन, हवा किंवा ठिणगी यांत असतं. दुसरीचा इंधनाशी संबंधच नसतो. तिला आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, ‘गाडी सेल्फ घेत नाही’. फोनवर आईवडील किंवा काका-मामा गाडीची तक्रार सांगू लागले की आधी एवढंच विचारावं : इंजिन फिरतंय का? त्या उत्तरावर अर्धं काम होतं.

हा लेख दुसऱ्या तक्रारीबद्दल आहे, आणि तिच्यातल्या सर्वांत छळवादी प्रकाराबद्दल. कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही. मिस्त्रीच्या दारात नेली की पहिल्या किल्लीला चालू होते. मिस्त्री आपल्याकडे बघतो, आपण गाडीकडे बघतो.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या फोपनारला माझे काका-काकू राहतात. केळीची शेती, घरापुढे कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली बारा वर्षांची डिझेल गाडी. गेल्या पावसाळ्यापासून ती गाडी नाटकं करू लागली. एरवी तेवढं चाललं असतं, पण काकूचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी बुऱ्हाणपूरला पोहोचावंच लागतं. एकदा उशीर झाला की पुढच्या माणसाची पाळी येते आणि आपण बाकावर. दोन वेळा शेजाऱ्यांनी धक्का देऊन गाडी चालू केली. एकदा पहाटे कुणीच सापडलं नाही, तेव्हा काका काकूला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेले. त्या दिवसानंतर आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर गाडीचा विषय मागे पडला आणि ‘तुम्ही दोघं आता इंदूरलाच या’ हा विषय पुढे आला. काका गप्प. केळीचा बाग सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते काय करणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

तोवर काकांनी खर्च कमी केलेला नव्हता. आधी नवी बॅटरी आली. मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश बदलले, बुश बदलले. मधल्या काळात ॲक्सिलरेटर जड लागायला लागला म्हणून त्याची केबल बदलली, आणि चार महिन्यांत पुन्हा बदलली. सगळं मिळून चौदा हजारांच्या वर गेलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आठ-दहा दिवस शहाण्यासारखी वागायची.

मी वीज उपकेंद्राच्या देखभालीत काम करते. गाड्यांची मी तज्ज्ञ नाही. पण आमच्या धंद्यात एक सवय अंगी भिनते : यंत्रावर संशय घेण्याआधी सांध्यावर संशय घ्यायचा. रोहित्र सहसा न सांगता जळत नाही, पण त्याला जोडलेला एखादा सैल सांधा आतून तापत असतो आणि बाहेरून छान चकचकीत दिसतो. गाडी म्हणजे तरी काय, चाकांवरचं बारा व्होल्टचं उपकेंद्रच.

थोडं मागे जाऊ. ‘सेल्फ’ हा शब्द ‘सेल्फ स्टार्टर’चा उरलेला अर्धा भाग. त्याआधी मोटारी हाताने हँडल मारून चालू करत. इंजिन उलटा झटका मारायचं आणि मनगटं मोडायची. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅकवर आला आणि मोटार चालवायला पैलवान असण्याची गरज संपली. आपल्याकडे मात्र ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत हँडल कित्येक वर्षं असायचं. सेल्फ रुसला की पुढच्या बंपरमधल्या भोकातून हँडल घालायचं, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा (नाहीतर उलट्या झटक्यात अंगठा गेलाच), आणि वर ओढायचं. काका अजून तो हात करून दाखवतात. आताच्या गाड्यांना ते भोकच नाही, त्यामुळे सेल्फ बंद म्हणजे सगळंच बंद.

सेल्फ ही गाडीतली सर्वांत खादाड मोटर. दोन्ही हेडलाइट मिळून दहाएक अँपिअर घेतात. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो, दोन-तीन सेकंदच, पण ओढतो. या फरकातच सगळी गोम आहे. समजा, वाटेतल्या एका सांध्यावर गंज चढलाय आणि त्याचा अडथळा ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे. हेडलाइटच्या दहा अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट गळतात, डोळ्यांना कळतही नाही. सेल्फच्या दोनशे अँपिअरला त्याच सांध्यावर २ व्होल्ट गळतात. दहा माणसांच्या पंगतीला अरुंद दार चालून जातं, दोनशे माणसांची पंगत उठली की तिथेच चेंगराचेंगरी. म्हणून ‘लाइट लख्ख लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हे म्हणणं खोटं आहे, आणि ते मी गॅरेजांत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलंय.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. बॅटरीच्या धन टोकाची जाड लाल केबल सेल्फपर्यंत जाते, ती सगळ्यांना दिसते. पण वीज तिथून परतही यायला हवी. सेल्फचा परतीचा रस्ता म्हणजे इंजिनाचं लोखंड, तिथून एक जाळीदार तांब्याची पट्टी चासीला, आणि चासीवरून काळी केबल बॅटरीच्या ऋण टोकाला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी नसेल तर इंजिनाचा गाडीच्या अंगाशी विजेचा संबंध जवळजवळ तुटतोच. मिस्त्री तिला ‘अर्थिंगची पट्टी’ म्हणतात. ती गाडीच्या पोटाखाली असते, चिखलात, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

इंदूरहून निघण्याआधी मी काकांना एक काम दिलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात, जिथे काकू दुधाचा हिशोब लिहायची, तिथे गाडीची नोंद करायची. ज्या वेळी सेल्फ घेणार नाही त्या वेळी तीनच शब्द : इंजिन गार की गरम, किल्ली फिरवताना हेडलाइट मंद झाले की लख्ख राहिले, आवाज टक् की गप्प. अधूनमधून येणाऱ्या दुखण्यात डॉक्टरही हेच सांगतात, दुखेल तेव्हा लिहून ठेवा. काकांनी तीन आठवडे इमानाने लिहिलं. सात नोंदी झाल्या. त्यांतल्या सहांत ‘गरम’, साताही ठिकाणी ‘लख्ख’, आणि बहुतेक ठिकाणी ‘टक् टक् टक्’. शिवाय दोन चौकोनांत त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं : रेस जड.

हेडलाइटची ही युक्ती फुकटची आहे आणि ती प्रत्येकाला यावी. हेडलाइट लावून, कुणालातरी समोर बाजूला उभं करून किल्ली फिरवायची. लाइट एकदम विझल्यासारखे झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवरच घाण आहे. लाइट बऱ्यापैकी मंद झाले, जड ‘ठक्’ आवाज आला आणि पुढे काही नाही, तर वीज सेल्फपर्यंत जातेय, पण सेल्फ अडकलाय. आणि लाइटला काही फरकच पडला नाही, तर बॅटरीकडे कुणी मोठी मागणी केलेलीच नाही, वाट कुठेतरी तुटलेली आहे. काकांच्या सात नोंदी तिसऱ्या प्रकारच्या होत्या. म्हणजे नवी बॅटरी घेऊन त्या तक्रारीत फरक पडण्याचं कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी गाडीने मला दाद दिली नाही. वीसेक वेळा चालू-बंद केली, प्रत्येक वेळी घेतली. काका ओशाळले, जणू त्यांनीच खोटं सांगितलं होतं. मी तेवढ्यात बॅटरी मोजून घेतली. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. ही १२.३ होती, जेमतेम अर्धी. वर्षही न झालेली बॅटरी अर्धी का? मग इंजिन चालू ठेवून मोजलं. अल्टरनेटर नीट भरत असेल तर बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. दिसले १२.९. आता अल्टरनेटरही संशयित झाला, आणि एव्हाना एखाद्याने तोही उतरवायला घेतला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागेवर गेलो. ठिबकचा एक व्हॉल्व बघायला दहा मिनिटं थांबलो आणि परत निघताना, टक् टक् टक्. आयुष्यात बंद पडलेल्या गाडीचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. काकांना किल्लीवर बसवलं, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. ओढणी काढून सीटवर टाकली, कारण इंजिन अचानक फिरलं तर पंखा आणि पट्टा कुणाची गय करत नाहीत.

मीटर व्होल्टवर. पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर, काकांनी किल्ली धरून ठेवलेली असताना. १२.२. सेल्फ खरोखर ओढत असता तर हा आकडा दहाच्या आसपास घसरला असता, म्हणजे बॅटरीवर भारच नव्हता. दुसरं माप ऋण टोक आणि चासी : जवळजवळ शून्य, ठीक. तिसरं माप ऋण टोक आणि इंजिनाचं उघडं लोखंड. इथे चांगल्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमीच दिसायला हवं. मीटरचा आकडा नाचत होता, पण तो ५ च्या खाली येत नव्हता आणि मधूनच ११ ला जात होता. बारा व्होल्टपैकी बहुतेक सगळे परतीच्या वाटेवरच अडले होते. सेल्फच्या हातात पडत होते चार दाणे.

हे माप सेल्फ मारत असतानाच घ्यायचं असतं. मीटर ओहमवर लावून, गाडी बंद ठेवून तोच सांधा तपासला तर साधा मीटर शून्यच्या आसपास काहीतरी दाखवतो आणि फसवतो. मीटरच्या स्वतःच्या तारांचा अडथळाच त्या दोषापेक्षा मोठा असू शकतो. भार असताना किती व्होल्ट गळतात हे पाहणं हाच खरा मार्ग.

मग शेवटची खातरजमा. डिकीत जंप केबल होती. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं इंजिनाच्या जाड लोखंडी कोपऱ्याला. नुसती एक पर्यायी परतीची वाट. काकांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात उठलं. काका खाली उतरले, बॉनेटपाशी आले आणि म्हणाले, “बस्, इतकंच?”

गाडीच्या पोटाखाली गेल्यावर ती पट्टी सापडली. गिअरबॉक्सपासून चासीपर्यंतची, मूळची तांब्याच्या जाळीची. चासीकडच्या बोल्टखाली हिरवी पूड साचली होती, जाळीचे निम्म्याहून जास्त धागे तुटलेले, आणि मी बोटांनी वाकवून पाहिली तर उरलेलेही हातात आले. माझा संशय असा की यात केळीचा हात आहे. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि पोटॅशची पोती, युरियाची पोती याच गाडीतून बागेवर जातात. मिठासारखी ती खतं, वर ठिबकचा ओला चिखल, हे मिश्रण बारा वर्षं खालून थापलं गेलं. गंमत म्हणजे याच फोपनारला १९६४ साली बुद्धाच्या कांस्यमूर्ती सापडल्या, साधारण पाचव्या शतकाच्या, आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तेही तांबंच, कथिल मिसळलेलं. दीड हजार वर्षांनंतरही त्या मूर्तींच्या चेहऱ्यावरचं स्मित ओळखता येतं, आणि आमच्या गाडीची पट्टी बारा वर्षांत भुकटी झाली. पोटॅश त्या काळी नव्हतं म्हणायचं.

आता बाकीची बिलं उलगडली. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो, त्यामुळे त्याची परतीची वाटही तीच पट्टी. म्हणून बॅटरी पुरती भरत नव्हती, म्हणून जुनी बॅटरी ‘खराब’ निघाली, आणि नवी दुकानातून भरून आली तेवढे दिवस चालली. सेल्फ उतरवून बाहेर बॅटरीला थेट जोडला की टेबलावर भणाणून फिरायचा, कारण तिथे परतीची वाट चांगली होती. परत बसवताना आजूबाजूच्या केबली हलायच्या, गंजलेला सांधा क्षणभर नीट चिकटायचा, आणि पुन्हा आठ दिवस सुखाचे. आणि ॲक्सिलरेटर? पट्टी तुटली तरी वीज परतीची वाट शोधतेच. इंजिन आणि गाडीचं अंग यांना जोडणारं आणखी धातूचं काय होतं? ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फचा प्रवाह त्या बारीक पोलादी तारेतून परतायचा, तार तापायची, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळायचं आणि रेस जड व्हायची. काकांनी कॅलेंडरवर लिहिलेली ती दोन टिपणं वेगळी तक्रार नव्हतीच. नंतर काढलेल्या केबलचं आवरण चिरून पाहिलं, तर अस्तर तारेला चिकटलेलं होतं.

बुऱ्हाणपूरच्या ज्या मिस्त्रीने सेल्फ उघडला होता, त्याला मी हे सगळं दाखवलं. मला भांडायचं नव्हतं. ब्रश खरंच झिजलेले होते, त्याने बदलले ते बरंच केलं. त्याने पट्टी हातात घेतली, फिरवली आणि म्हणाला, “दीदी, ये तो कोई देखता ही नहीं.” मग स्वतःच दुसऱ्या दुकानातून नवी पट्टी आणून दिली, १८० रुपयांना. बोल्टखालचा रंग आणि गंज लोखंड चमकेपर्यंत घासला, पट्टी कसली, वरून ग्रीस. इंजिन चालू करून बॅटरीवर मोजलं : १४.१.

प्रत्येक गाडीत पट्टीच दोषी असेल असं नाही, म्हणून आणखी काही खुणा सांगून ठेवते. प्रत्येक किल्लीला एकच ठळक ‘टक्’ आणि शांतता, पाच-सहा प्रयत्नांनी मग घेते, अशी गाडी असेल तर बहुधा सेल्फवरच्या सोलेनॉइडचे संपर्क झिजलेत. सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर घेत असेल तर ब्रश संपत आलेत. ठोकण्याला इलाज समजू नये. अजिबात आवाज नाही, लाइट लख्ख, आणि क्लच पुन्हा जोराने दाबल्यावर घेते, तर क्लचच्या पायाशी असलेला छोटा स्विच बघा, बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये घेत नाही आणि ‘एन’मध्ये घेते, तर गिअरचा स्विच. डॅशबोर्डवर किल्लीची किंवा कुलपाची खूण लुकलुकत असेल तर गाडीने किल्लीच ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहा. आणि सगळ्यांत आधी बॅटरीची टोकं. त्यांवर चुन्यासारखी पांढरी-हिरवट पूड असेल तर आधी ऋण टोक सोडायचं, मग धन, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करून घट्ट बसवायचं, बसवताना ऋण शेवटी.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना काळ्या केबलचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर नाही, इंजिनाच्या लोखंडावर लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. आमच्या गाडीत पट्टी तुटलेली असताना याचा एक मजेदार फायदाही झाला असता : अशा प्रकारे जंप दिली की गाडी चालू होणार, आणि सगळे बॅटरीला दोष देणार. जंपने चालू झाली म्हणजे बॅटरीच गेली, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा.

त्यानंतरच्या महिन्यात कॅलेंडरवर दुधाचाच हिशोब आहे. काकूची एकही फेरी चुकलेली नाही. इंदूरला येण्याचा विषय संपलेला नाही, दिवाळीत माझा भाऊ तो पुन्हा काढणार आहे आणि त्याने काढावा. काकूच्या तब्येतीपायी तो बोलायलाच हवा. गाडीचं नाव मात्र आता त्या यादीत नाही, हे मी गटावर मोजमापांसकट लिहून टाकलंय.

काकांनी स्वतःच्या डोक्याने आणखी एक पट्टी आणून इंजिनाच्या वरच्या अंगाला आणि बॉडीला जोडून घेतली, चिखलाच्या वर. मीटर मी तिथेच ठेवून आले. परवा फोन आला, शेजारच्या ट्रॅक्टरचा सेल्फ घेत नव्हता, काका मीटर घेऊन गेले होते. ऋण टोक ते इंजिन, साडेतीन व्होल्ट. मी इकडे स्वतःसाठी दुसरा मीटर घेतलाय.